नाकाचं माप

माझ्या नाकाच्या दांडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फिकट डाग आहे. चष्मा असला की तो झाकला जातो, म्हणून शाळेत कुणी विचारत नाही. झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं एक मशीन असतं, त्याचा चुकीचा मास्क अकरा महिने नाकावर आवळून मी झोपले, त्याची ती खूण. अकरा महिन्यांत आमच्याकडे कपाशी लावून होते, निंदण होतं, तीन वेचे निघतात, कापूस विकला जातो आणि वावरातल्या पऱ्हाट्याही उपटून होतात. तेवढा काळ मी रोज रात्री तेच दुखणं बांधून घेत होते आणि सकाळी त्यावर खोबरेल तेल लावून शाळेत जात होते. बोलले कुणाजवळच नाही. औषध म्हटलं की ते कडू असणारच, असं मनात पक्कं बसलेलं.

आमचं गाव दारव्ह्याकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी विहिरीवरचं पाच एकर वावर आहे, ते हे बघतात. पाळी गेल्यानंतर, पन्नाशीच्या आसपास, मला एक विचित्र थकवा लागला. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, जसं रात्रभर कुणी डोक्यावर गाठोडं देऊन चालवलं असावं. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठायचं, तेही अंगण ओलांडून. साखर तपासली, निघाली नाही. बीपीच्या एका गोळीच्या दोन झाल्या. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. एवढ्या दवाखान्यांत गेले, पण एक गोष्ट कुठेच सांगितली नाही. मी घोरते, हे. पुरुष घोरला तर दमून आला म्हणतात. बाईमाणूस घोरते हे डॉक्टरांसमोर तोंडातून काढायचं कसं? आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

मग तान्हा पोळा आला. शाळेच्या मैदानात पोरांनी लाकडी बैल सजवून ओळीनं उभे केले होते, तोरण बांधलं होतं, गावातली माणसं जमली होती. मी खुर्चीवर बसले आणि बसल्या जागी झोपले. दुसरीतल्या एका मुलीनं माझा पदर ओढला. "बाई, उठा ना, बैल आले." सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. त्या लेकराच्या आवाजात चिडवणं नव्हतं, काळजी होती. तीच मला जास्त लागली.

त्या रात्री हे जागे राहिले. सकाळी चहा घेताना म्हणाले, "तुहा दम अटकते. म्या मोजलं. वीस-पंचवीस आकडे होतात, मंग तू दचकून श्वास घेतं. मले वाटलं, आता येतच नाही." छत्तीस वर्षांच्या संसारात यांचा आवाज असा कापलेला मी दोनदाच ऐकला आहे.

यवतमाळच्या छातीच्या डॉक्टरांनी एका रात्रीसाठी छोटं यंत्र घरी दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी. अहवाल आला. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. झोपेत तासाला ३६ वेळा श्वास पूर्ण थांबत होता किंवा फार उथळ होत होता. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला की तो एक धरतात. तासाला पाचच्या आत असलं तर ठीक, तीसच्या वर गेलं की आजार तीव्र. माझा ऑक्सिजन ७९ टक्क्यांपर्यंत उतरत होता. डॉक्टरांनीच सांगितलं की बायकांमध्ये पाळी गेल्यावर हे वाढतं, आणि बायका घोरण्याऐवजी थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी घेऊन येतात, म्हणून ते वर्षानुवर्षं सापडत नाही. ते ऐकताना मला रडू आलं. मी आळशी नव्हते.

हा आजार आणि त्याचा उपाय मला यांनीच समजावला, डॉक्टरांच्याही आधी, आणि वावरातल्या भाषेत. ओलिताला आपण गुंडाळून ठेवायचा चपटा पाइप वापरतो. मोटर बंद असली की तो जमिनीला चिकटून पडतो. मोटर सुरू झाली की पाण्याच्या दाबानं फुगतो आणि मोकळा राहतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, मऊ टाळू खाली येतं आणि गळा त्या पाइपासारखा मिटतो. सीपॅप मशीन नाकावाटे हवेचा सौम्य दाब देत राहतं. हवेचाच टेकू. दाब किती, तर दहा सेंटिमीटर उंच पाण्याचा असतो तितका, म्हणजे वीतभराहूनही कमी. पण पाइप आणि मोटर यांच्यामध्ये जोड नीट बसला नाही तर पाणी बांधावरच सांडतं. माझ्या बाबतीत तो जोड म्हणजे मास्क.

मशीन विकणाऱ्या माणसानं मशीन दाखवायला अर्धा तास घेतला. कोणतं बटण, किती वर्षांची हमी, पाण्याचं भांडं कसं लावायचं. मास्क मात्र पेटीतून काढून हातात दिला. "हा चालते सगळ्यांना." कपाळावर टेकणारी दांडी, नाक झाकणारी सिलिकॉनची वाटी, चार पट्टे. पेटीत पुठ्ठ्याचा एक छिद्रं पाडलेला तुकडा होता, तो त्यानं पेटीसकट टोपलीत टाकला. तो तुकडा नाकाचं माप घ्यायचा होता हे मला वर्षभरानं कळलं.

वाटी मोठी होती. माझं नाक बसकं आणि रुंद, आईसारखं. वरच्या बाजूला, डोळ्यांच्या कोपऱ्याशी फट राहायची आणि तिथून हवा सरळ डोळ्यात. मी पट्टा आवळायची. हवा थोडा वेळ थांबायची, मग पुन्हा सुटायची. पुन्हा आवळायची. सकाळी डोळे लाल. शाळेत पोरं म्हणायची, बाईंचे डोळे आले. डोळ्यांचे थेंब आणले. नाकाची कातडी आधी लाल झाली, मग सोलली, मग तिथं जखम झाली. त्या जखमेवर मी रोज रात्री तोच मास्क ठेवत होते. चार तास काढले की मन म्हणायचं, आज पुष्कळ झालं.

मला इथं थांबून सांगावंसं वाटतं की आम्हा बायकांना सोसायचं शिकवलेलं असतं आणि ते आम्हाला चांगलं जमतं. चुलीचा धूर सोसायचा, टाचांच्या भेगा सोसायच्या. सोसणं अनेक ठिकाणी कामी आलं असेल, पण या मास्कच्या बाबतीत त्यानं माझं निव्वळ नुकसान केलं. कारण मास्क दुखत असेल तर तो नुसता दुखत नसतो. तो गळत असतो.

हे मला एका परिचारिकेनं सांगितलं. अकरा महिन्यांनी तपासणीला गेले, तेव्हा तिनं मशीनमधलं कार्ड काढून संगणकावर लावलं. माझा श्वास अजूनही तासाला १४ वेळा अडत होता. तिनं गळतीचा आलेख दाखवला. माझ्या मशीनच्या हिशेबात मिनिटाला २४ लिटरच्या वर हवा वाया गेली की ती जास्त गळती, आणि माझी रेघ बहुतेक रात्री त्याच्या वर होती. मग तिनं माझा चष्मा स्वतःच्या हातानं काढला, जखम पाहिली आणि म्हणाली, "ताई, एवढं सहन कशाला केलंत? दुखतंय म्हणजे मास्क चुकला. तुमचं काही चुकलं नाही."

तिनं मला पलंगावर आडवं व्हायला लावलं. मास्क बसून घालायचा नाही, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर, मशीन सुरू ठेवून, पूर्ण दाबावर घालून बघायचा. आधी पट्टे सैल. मग वाटी चेहऱ्यापासून किंचित ओढून परत टेकवायची, म्हणजे तिची पातळ कड हवेनं फुगून कातडीवर आपसूक बसते. ती कडच गळती थांबवते. पट्टा जास्त आवळला की ती दबते, चुरगळते आणि गळती वाढते. मी अकरा महिने नेमकं तेच केलं होतं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. आणि रात्री तोंडाला तेल, क्रीम काही नको, तेलकट कातडीवर सिलिकॉन धरत नाही. माझं खोबरेल तेल!

नंतर मी या उपचाराबद्दल मिळेल ते वाचत गेले. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८० साली हा उपाय पहिल्यांदा रुग्णावर केला आणि १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. त्याआधी तीव्र आजारावर खरा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. पण मी अडकले ती वेगळ्याच तपशिलापाशी. सुरुवातीच्या काळात ते मास्क प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन त्याच्यापुरते घडवत, आणि रात्री चिकट द्रव्यानं चेहऱ्यावर चिकटवत. गैरसोय किती झाली असेल! तरी त्या माणसांचं नाक कुणीतरी आधी हातात घेऊन मापलं होतं. चाळीस वर्षांनी मास्क कितीतरी सुधारले, हलके झाले, मऊ झाले, आणि माझ्यापर्यंत येईतो मापाचा पुठ्ठा टोपलीत गेला.

पुढचे चार महिने मास्क शोधण्यात गेले. विक्रेत्यानं नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क सुचवला. तो ज्यांचं नाक बंद असतं किंवा झोपेत तोंड उघडंच राहतं त्यांना बरा पडतो. मला त्यात विहिरीत उतरल्यासारखं झालं. एका रात्रीत परत ठेवला. एकदा उघडलेला मास्क परत घेत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. पण साडेपाच हजार म्हणजे त्या वर्षी जवळपास पाऊण क्विंटल कापूस होता.

मग पुण्याहून लेकानं नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन छोट्या उशांचा मास्क पाठवला. चेहऱ्यावर काही नाही, डोळ्यांशी काही नाही, चष्मा लावून वाचताही यायचं. दोन रात्री मी आनंदात होते. तिसऱ्या दिवशी डावी नाकपुडी आतून सुजली. कारण साधं होतं आणि मशीन बनवणाऱ्या कुणाच्या मनात ते आलं नसावं. माझ्या नाकात खडा आहे. त्याची फिरकी आतल्या बाजूला. उशी त्या फिरकीवर दाबली जात होती.

आणि मग उमजलं की पहिल्या मास्कची डावी बाजूही तिथूनच गळत असणार. खड्याच्या उंचवट्यावर सिलिकॉनची कड टेकत नव्हती. डॉक्टर, विक्रेता, मी, कुणाच्याच लक्षात आलं नाही. आरशात रोज बघते, तरी तो खडा मला माझ्या नाकाचाच भाग वाटत होता. सातव्या वर्षी आजीनं टोचून घेतलं होतं.

रात्री खडा काढायचा म्हटल्यावर घरात शांतता पसरली. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी पोथी मिटली. "सवाशीन बाईनं नाक ओकं नाई ठेवू, सूनबाई." आवाज चढवला नाही. मीही उलट बोलले नाही. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. मामंजी गेले तेव्हा त्यांच्या नाकातली नथ कुणी काढली, कशी काढली, ते मी समोर बसून पाहिलं आहे. रिकामं नाक म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं या घरात कुणाला ठाऊक नाही.

आठ-दहा दिवस मी खड्यासकटच झोपत राहिले. मग एका रात्री हे रब्बीच्या ओलिताला वावरात गेले होते. त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची होती. मी खोलीत एकटी, म्हणून सासूबाई माझ्याजवळ येऊन झोपल्या. पहाटे कधीतरी मी मास्क ओढून काढला असणार, कारण मला जाग आली ती त्यांच्या हाताच्या धक्क्यानं. त्या उठून बसल्या होत्या, कंदिलासारखा मोबाइल माझ्या तोंडाशी धरलेला. "माय वं, तुहा श्वास..." एवढंच म्हणाल्या आणि माझ्या छातीवर हात ठेवून बसून राहिल्या, उजाडेपर्यंत.

दुसऱ्या रात्री त्या त्यांचा जुना पितळी कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. आतल्या कप्प्यात कापूस घातलेला. म्हणाल्या, "आण इकडं." तेव्हापासून माझा खडा रात्री त्या करंड्यात असतो, त्यांच्या उशाशी. सकाळी आंघोळ झाली की त्या स्वतः हातात देतात. दारव्ह्याच्या सोनारानं सांगितलं की इतक्या वर्षांचं भोक एका रात्रीत बुजत नाही, आणि खरंच बुजलं नाही.

शेवटी जमला तो लहान मापाचा, नुसतं नाक झाकणारा, कपाळाची दांडी नसलेला साधा मास्क. त्या परिचारिकेनं पुठ्ठ्याचं माप नाकाला लावून बघितलं. नाकपुड्यांची रुंदी कुठल्या छिद्रात जेमतेम बसते ते पाहायचं, आणि दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घेऊन बघायचं. टिकलीची जागा मोकळी राहते. वेणी पट्ट्यांच्या मधून निघते, अंबाडा घालून झोपलं तर मात्र मागचा पट्टा वर सरकतो. गालावर पट्ट्यांचे वळ उठायचे, त्यांना यांच्या जुन्या बनियनच्या कापडाच्या खोळी शिवल्या. इतकं मऊ कापड विकत मिळत नाही.

बाकीचं आमच्या हवेनं शिकवलं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. घामानं मास्क घसरतो, म्हणून कूलरच्या झोताच्या बाजूला डोकं करून झोपते. तेव्हा मशीनच्या भांड्यात पाणी लागतच नाही, खसाच्या ताट्यांतून ओलावा येतोच. डिसेंबरात उलट, खोली गार आणि नळीतली हवा कोमट, त्यामुळे नळीत थेंब जमतात आणि पहाटे नाकात पाणी येतं. नळीवर वाकळीच्या कापडाची पिशवी चढवली आणि मशीन पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवलं, मग थांबलं. रोज सकाळी वाटी साबणाच्या पाण्यात धुते. पहिल्या उन्हाळ्यात मी ती दोरीवर उन्हात टाकली होती. पंधरा दिवसांत पिवळी पडून कडक झाली. आता सावलीत, न्हाणीच्या खिडकीत.

एक गोष्ट जिवाशी आली असती. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यातून सतत हवा सुटते. शेजारी झोपणाऱ्याला ती लागते. सासूबाईंनी मायेनं त्यात कापसाचा बोळा बसवून दिला होता. ती छिद्रं कधीच बुजवायची नसतात, आपण सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. झोपण्याआधी माझा हात लागला म्हणून कळलं.

कापसाचंच आणखी एक. दिवाळीनंतर आमच्याकडे मधल्या खोलीत वेचलेला कापूस छतापर्यंत भरलेला असतो. भाव येईपर्यंत ठेवावाच लागतो. त्या दिवसांत मशीनची जाळी आठवड्यात पांढऱ्या तंतूंनी भरून जाते. ती मी दर रविवारी बघते. धुऱ्यावरच्या गाजरगवतानं नाक चोंदलं की झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचे थेंब घालते, कारण नाक बंद तर नाकाचा मास्क काय करणार. लाइन जाते, ती आमच्या हातात नाही. इन्व्हर्टरवर, भांड्यातलं पाणी तापवणारा हीटर बंद ठेवून, मशीन रात्रभर चालतं.

आता माझा आकडा तासाला ३ आहे. बीपीची दुसरी गोळी डॉक्टरांनी बंद केली. रात्री अंगण ओलांडावं लागत नाही. मागच्या तान्ह्या पोळ्याला मी शेवटचा बैल तोरणाखालून जाईपर्यंत उभी होते, आणि ज्या मुलीनं माझा पदर ओढला होता तिचा बैल मी हातानं सजवला.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे वेचणीला येणारी एक बाई धुऱ्यावर बसल्या बसल्या झोपली. कापसाची ओटी मांडीवर तशीच. माझ्याहून लहान आहे ती. सगळ्या जणी हसल्या. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, रात्री घोरतं का? तिनं मान खाली घातली. सकाळी डोकं दुखते का? मान हलवली. रात्री उठा लागते का? ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला सगळं सांगितलं, यंत्र, मास्क, हवा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नाकातल्या फुलीला बोट लावून विचारलं, "बाई, हे काढा लागते का वं?"

मंगळवारी तिला घेऊन मी यवतमाळला जाणार आहे. आधी तपासणी होईल, पुढचं डॉक्टर सांगतील. पुठ्ठ्याचं माप मात्र मी आताच पर्समध्ये टाकून ठेवलं आहे.